इंग्रजी चर्चमध्ये, काळजी चिंचवडात

प्रिय ताई,

मी चिंचवडची, वय 33. नवऱ्याला कंपनीने तीन वर्षांसाठी अमेरिकेत, इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावी पाठवलंय. येऊन आठ महिने झाले. मुलगी साडेपाच वर्षांची, ऑगस्टपासून किंडरगार्टनला जाते. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं, पुढे बी.कॉम. एका पतसंस्थेत नऊ वर्षं काउंटरवर होते. इंग्रजी वाचता येतं, लिहिताही बऱ्यापैकी येतं, पण बोलायची वेळ आली की घसा कोरडा पडतो. औषधाच्या दुकानातून फोन आला तर मी तो वाजू देते. मुलीची शाळा सुरू झाली तेव्हा तिच्या बाईंना भेटायला गेलो. वीस मिनिटं मी मान हलवत होते, सगळं हेच बोलले. बाहेर आल्यावर मुलगी म्हणाली, "आई, तुला इंग्लिश येत नाही?"

शेजारच्या एक चिनी बाई मला इथल्या एका चर्चमधल्या इंग्रजी संभाषणाच्या वर्गाला घेऊन गेल्या. दर गुरुवारी सकाळी दोन तास, फुकट. मला गाडी येत नाही, म्हणून तिथल्या सत्तरीच्या एक आजी मला घरून नेतात आणि परत सोडतात. टेबलावर एक ब्राझीलची, एक जपानची, आम्ही दोघी आणि आजी. आठवडाभर मी गुरुवारची वाट बघते.

मागच्या वेळी आजी म्हणाल्या, वर्गानंतर अर्धा तास काही जणी बायबल वाचतात, थांबशील का? नाही कसं म्हणायचं ते सुचेना, थांबले. निघताना त्यांनी मला मराठी बायबल दिलं. माझ्यासाठी मुद्दाम मागवलं होतं. मी ते शेल्फवर ठेवलं आणि व्हिडिओ कॉलवर सासूबाईंना दिसलं. त्या मूळच्या मिरजेच्या, सोवळंओवळं नाही पण देवाधर्माचं बघणाऱ्या. म्हणाल्या, "आज इंग्रजी शिकवतायत, उद्या नाव बदलतील." हे म्हणतात, कशाला कटकट, मोबाइलवर ॲप घे.

मला वर्ग सोडायचा नाही. पण खरं सांगू का, मलाही खटकतं. त्यांच्या गाडीतून जायचं, त्यांची कॉफी प्यायची, त्यांच्याकडून इंग्रजी घ्यायचं आणि त्यांचा देव तेवढा नको म्हणायचं, हे बरं दिसतं का?

— एक चिंचवडकर

* * *

अगं चिंचवडकर,

तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. सासूबाईंकडे नंतर येऊ. नवऱ्याच्या ॲपचं मात्र आधीच उरकून टाकते. ॲपला तुझं बोलणं कळलं नाही तर ते तुला तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावतं. माणसाला कळलं नाही तर त्याच्या कपाळावर आठी पडते, आणि ती बघून तू तीच गोष्ट दुसऱ्या शब्दांत सांगायची धडपड करतेस. तुला येत नाही ते नेमकं हेच, आणि ते त्या टेबलावरच येणार. ॲप ठेव, शब्द पाठ करायला चांगलं असतं. गुरुवार सोडू नकोस.

मी हे ऐकीव सांगत नाही. 1992 साली मी ओहायोतल्या एका विद्यापीठाच्या गावात होते. नवरा पीएच.डी. करत होता आणि मी बर्फाकडे बघत घरात बसलेली. मंगळवारी संध्याकाळी एका चर्चच्या तळघरात अशीच टेबलं मांडायचे. आमच्या टेबलावर शिकवायला होत्या त्या बाई शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या. एकदा धड्यात हरवलेल्या मेंढराची गोष्ट आली. 'अ शीप' कुठे आणि 'द शीप' कुठे, हे काही मला कळेना. मी आपली पुण्याच्या कॉलेजात करायचे तसा हात वर केला आणि म्हटलं, "आय हॅव अ डाउट."

बाईंनी पुस्तक मिटलं. माझा हात हातात घेतला आणि हळूच म्हणाल्या, "हनी, वुई ऑल डू." मग पुढची दहा-पंधरा मिनिटं त्या मला सांगत होत्या, की नवऱ्याच्या आजारपणात त्यांचा देवावरचा विश्वास कसा डळमळला, रात्री स्वयंपाकघरात एकट्या बसून त्या काय काय बोलायच्या. मला हवा होता फक्त 'द'.

आपल्याकडे शंका म्हणजे डाउट, वर्गात उठून विचारायची. तिकडे, त्यातून चर्चमध्ये, डाउट म्हणजे श्रद्धाच डगमगणं. आपल्या शंकेला ते 'क्वेश्चन' म्हणतात. तसंच 'पास्ड आउट फ्रॉम कॉलेज' म्हणू नकोस, त्यांना वाटतं तू चक्कर येऊन पडलीस. 'कझिन ब्रदर' म्हटलंस तर नुसतेच बघत राहतात. या चुका कुठल्या पुस्तकात सापडल्या नाहीत, त्या टेबलावर सापडल्या. शिवाय त्या संध्याकाळी एका अमेरिकन बाईने पहिल्यांदा मला तिच्या घरातलं काही सांगितलं, आणि मला ते जवळजवळ सगळं कळलं. घरी येताना बसमधून मी एकटीच हसत होते.

आता दुसरी बाजूही सांगते. त्याच गावात आणखी एका मंडळींनी आम्हा परदेशी बायकांना 'इंटरनॅशनल डिनर'ला बोलावलं. बसने नेलं. जेवण झालं, दिवे मंद झाले, एक गृहस्थ व्यासपीठावर आले आणि दीड तास बोलले. मग म्हणाले, ज्यांना येशूला स्वीकारायचंय त्यांनी पुढे या. बस दारातच उभी होती, पण सगळं आटपल्याशिवाय ती हलणार नव्हती. मी मांडीवर पर्स घट्ट धरून बसून राहिले. राग आला तो त्यांच्या धर्माचा नव्हे. जेवायला बोलावताना हे सांगितलं नव्हतं, त्याचा.

तेव्हापासून माझी परीक्षा एकच: आधी सांगितलं का? तुझ्या आजींनी सांगितलं. वर्ग संपला, हे वेगळं आहे, थांबशील का, असं विचारलं. म्हणजे 'नाही' म्हणायला जागा ठेवली. ती जागा तू वापरली नाहीस, कारण आपल्याला तोंडावर नाही म्हणता येत नाही. आपण 'बघते हं' म्हणतो, समोरच्याला कळतं की ही येणार नाही. तिकडे 'आय विल ट्राय' म्हटलंस तर ते खुर्ची मांडून ठेवतात. तेव्हा वाक्य पाठ करून जा, हवं तर आरशासमोर म्हण: "थँक यू फॉर आस्किंग मी. आय लव्ह द क्लास. आय ॲम हिंदू, अँड आय वोन्ट स्टे फॉर द बायबल टाइम." त्यापुढे कारण जोडू नकोस. मुलगी आजारी आहे, गॅसवर भाजी आहे, असलं काही सांगितलंस की पुढच्या गुरुवारी नवं कारण शोधावं लागेल.

यात एक व्यवहाराची अडचण आहे. आजीच जर त्या अर्ध्या तासाला बसत असतील तर तुला घरी कोण सोडणार? ते आधीच विचार. चिनी शेजारीण लवकर निघत असेल तर तिच्याबरोबर जा, नाहीतर बाहेर हॉलमध्ये मुलीच्या शाळेची पत्रकं वाचत बस. गाडीसाठी बायबलला बसलीस असं मात्र होऊ देऊ नकोस, त्याने तुझं मन खात राहील. आणि हो, तुला स्वतःला ऐकावंसं वाटलं तर खुशाल बस. त्यातल्या गोष्टी त्यांच्या रोजच्या बोलण्यात इतक्या मुरल्यात, की 'गुड समॅरिटन' आणि 'प्रॉडिगल सन' कोण ते माहीत असलं तर पेपरातले निम्मे मथळे उलगडतात. बसायचं की नाही हे तू ठरवायचं, संकोचाने नाही.

सावध कधी व्हायचं? नाही म्हटल्यावरही दर आठवड्याला तोच प्रश्न आला तर. गाडी किंवा टेबलावरची जागा अचानक मिळेनाशी झाली तर. आणि मुलीला परस्पर काही बोलावणं आलं तर. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिकडची बरीच चर्च आठवडाभराचं 'व्हेकेशन बायबल स्कूल' घेतात. खेळ, गाणी, खाऊ, मुलं अगदी रमतात, आणि नावातच आहे त्याप्रमाणे बायबल असतंच. तुझ्या इंग्रजीच्या वर्गाहून हा निर्णय निराळा. तो तुम्ही दोघांनी मिळून घ्यायचा, फॉर्म हातात आला म्हणून भरायचा नाही.

हे वर्ग चालवणारी माणसं कोण असतात तेही समजून घे. बहुतेक निवृत्त शिक्षिका, परिचारिका, हिशेबनीस, दिवसा रिकामा वेळ असलेले लोक. काहींना खरंच वाटतं की आपल्याकडे जे सर्वात मोलाचं आहे ते पाहुण्यालाही द्यावं. देणाऱ्याच्या मनात तेव्हा लबाडी असतेच असं नाही. काहींना नुसतं माणसात बसायचं असतं. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूझ शहरात रूथ कोल्विन नावाच्या एका गृहिणीने शिरगणतीच्या बातमीत वाचलं, की आपल्याच गावात हजारो मोठ्या माणसांना धड वाचता येत नाही. 1962 साली तिने स्वयंसेवकांकडून शिकवायला सुरुवात केली, आणि मदतीला पहिल्यांदा पुढे आल्या त्या चर्चमधल्या बायका. पुढे त्यातून देशभरची संस्था झाली. कोल्विनबाई 2024 साली वारल्या, वयाच्या 107 व्या वर्षी. एकाने एकाला समोर बसवून शिकवायची ही रीत त्या देशात चर्चच्या खुर्च्यांवरच वाढलीय, म्हणून तुला ती तिथे भेटली.

सरकारी पैसा घेऊन जे वर्ग चालतात त्यांना धर्माचा भाग वेगळ्या वेळी किंवा वेगळ्या जागी ठेवावा लागतो आणि त्याची सक्ती करता येत नाही. चर्च स्वतःच्या पैशाने चालवतं तिथे मात्र हे बंधन नसतं. तुझा वर्ग कुठल्या प्रकारातला आहे ते तिथल्या मुख्य बाईंना सरळ विचार. रागावणार नाहीत, हा प्रश्न त्यांना नवा नसतो.

आता तो तुझा खरा प्रश्न. बरं दिसतं का?

आपल्या भाषेत एक वाईट शब्द आहे, मिंधेपणा. कुणाचं काही घेतलं की त्याच्यापुढे मान वर करायची नाही, असं आपल्याला लहानपणापासून कुणी न सांगता कळतं. पतसंस्थेच्या काउंटरवर नऊ वर्षं बसलेल्या बाईला तर देणं-घेणं जास्तच टोचणार. पण हा हिशेब आपल्याकडच्या एका मुलीने 140 वर्षांपूर्वी घातला होता, आणि तोही अमेरिकेतच.

कल्याणच्या आनंदीबाई जोशी. नवरा गोपाळराव कोल्हापूरला पोस्टात असताना त्यांनी बायकोच्या शिक्षणासाठी एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं. उत्तराचा सूर असा, की ख्रिस्ती होत असाल तर बघू. तो पत्रव्यवहार त्या मिशनऱ्याने अमेरिकेतल्या आपल्या मासिकात छापला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाई दाताच्या डॉक्टरकडे नंबर यायची वाट बघत बसल्या होत्या, तिथे तो अंक त्यांच्या हाताला लागला. त्यांनी आपण होऊन आनंदीबाईंना लिहिलं, आमच्या घरी ये. अट कसलीच नाही. निघण्याआधी 1883 च्या फेब्रुवारीत आनंदीबाईंनी श्रीरामपूरच्या सभेत उघड सांगितलं, की हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणून परत येईन. (हे श्रीरामपूर बंगालातलं, नगर जिल्ह्यातलं नव्हे.) मग त्या कार्पेंटरबाईंच्या घरी राहिल्या, त्यांना मावशी म्हणाल्या, त्यांच्या स्वयंपाकघरात आपलं अन्न शिजवून खाल्लं आणि 1886 च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या. वर्षभरात पुण्यात वारल्या, तेव्हा त्यांची रक्षा गोपाळरावांनी मावशींकडे पाठवली. ती अजून न्यूयॉर्क राज्यातल्या पुकिप्सी गावच्या दफनभूमीत, कार्पेंटरांच्या घरच्या जागेत आहे.

एकाच गोष्टीत दोन हात पुढे आलेत बघ. एका हातात अट होती, दुसऱ्यात नव्हती. अटीचा हात नाकारला म्हणून आनंदीबाई कृतघ्न ठरल्या नाहीत, आणि बिनअटीचा धरला म्हणून मिंध्याही झाल्या नाहीत. तुझ्या आजींचा हात कुठला, हे तू 'नाही' म्हटल्यावर पुढच्या गुरुवारी आपोआप कळेल. नेहमीसारखी गाडी दारात आली की समज.

सासूबाईंना जिची भीती वाटतेय तीही बाई त्याच काळातली. पंडिता रमाबाई 1883 सालीच इंग्लंडला गेल्या आणि तिथे ख्रिस्ती झाल्या. आनंदीबाईंच्या पदवीदानाला त्या फिलाडेल्फियात हजर होत्या. पण रमाबाईंना कुणी इंग्रजीच्या आमिषाने ओढून नेलं, हे त्यांचं काही वाचलेलं माणूस म्हणणार नाही. धर्म बदलल्यावरही ज्या मठातल्या सिस्टर्सकडे त्या राहत होत्या त्यांच्याशी त्यांनी पत्रांतून कडकडून वाद घातले, की मी विचार करणं सोडलेलं नाही. एक हिंदू राहिली, एक ख्रिस्ती झाली, दोघींनी आपापल्या डोक्याने. तुलाही डोकं आहे, एवढंच सासूबाईंना कळायला हवंय.

उपकाराची फेड कशी करायची? पेट्रोलचे पैसे पुढे करू नकोस, आजी अवघडतील. दुकानात कोरं 'थँक यू कार्ड' मिळतं ते आण, आत चार ओळी हाताने लिही आणि पाकिटात घालून दे. लिहिणं तुला जमतंच. तिकडची माणसं असलं कार्ड महिनोन्‌महिने फ्रिजवर लावून ठेवतात. तुझं नाव त्या नीट म्हणत नसतील तर तेही शिकव, सोयीचं तोडून देऊ नकोस. त्यांना मराठी बायबल मागवता येतं, तर तीन अक्षरंही उच्चारता येतील.

एकत्र जेवणाचा कार्यक्रम निघेलच, नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुमाराला तर हमखास. तू काय खातेस ते लिहिलं नाहीस. शाकाहारी असशील तर 'नो मीट' एवढं सांगून भागत नाही. भाज्यांच्या सुपात कोंबडीचं पाणी असतं, आणि थरथरणाऱ्या रंगीत जेलीत आणि मार्शमेलोत जिलेटिन, म्हणजे जनावराच्या हाडा-कातड्यातून काढलेलं. नेमकं विचार: "इज देअर एनी चिकन ब्रॉथ ऑर जेलटिन इन इट?" हेही इंग्रजीच झालं.

आता टेबलाचा उपयोग. पहिली मुलाखत शाळेची, हो ना? ऑक्टोबरात पुन्हा पालकांची भेट असते बहुतेक शाळांत. तेव्हा पुढच्या गुरुवारी 'माय फेव्हरिट फूड'वर बोलत बसू नकोस. शाळेचं पत्रक घेऊन जा आणि आजींना म्हण, तुम्ही बाई व्हा, मी आई होते. त्या खूश होतील. निवृत्त माणसाला नाटकात काम दिलं की बघायलाच नको. अमेरिकन शिक्षिका सुरुवातीला भरभरून कौतुक करते, शी इज डूइंग ग्रेट, आणि मग मधेच एक छोटासा 'बट' येतो. सगळं काम त्या 'बट'नंतर असतं. तिथे मान हलवायची नाही, तिथे विचारायचं: "कॅन यू शो मी?" वही दाखवतील, चित्र दाखवतील. समोर कागद आला की तुझी वाचता येणारी बाजू मदतीला येते. "कुड यू से दॅट अगेन, मोअर स्लोली?" हेही घोटून ठेव. बसल्या बसल्या पहिलंच वाक्य म्हण, "आय रीड इंग्लिश वेल, आय स्पीक स्लोली." समोरची बाई आपोआप वेग कमी करते. नवऱ्याला आधीच ताकीद दे: पहिली दहा मिनिटं तोंड उघडायचं नाही. त्याला ते तुझ्यापेक्षा जड जाईल. फारच अडलं तर शाळेकडे दुभाषा मागता येतो, अनेक शाळा फोनवरून जोडून देतात, पण माझा अंदाज आहे तुला लागणार नाही.

फोनची भीती वेगळी, कारण फोनवर चेहरा नसतो. त्यावर उपाय तुझ्या गाडीच्या सोयीतच आहे. आजींना मेसेज करतेस ना, उद्या येताय ना म्हणून? बंद कर. दर बुधवारी संध्याकाळी फोन कर. दोन मिनिटं, ठरलेला विषय, ओळखीचा आवाज. महिनाभरात औषधवाल्याचा फोन उचलशील. तो जन्मतारीख विचारतो तेव्हा महिना आधी सांगायचा, 5 जून म्हणजे तिकडे 6/5. हा घोळ मी वर्षभर केला. एकदा तर दुकानदाराने मला माझीच औषधं द्यायला नकार दिला.

तुझं गाव तुला अजून पुरतं माहीत नसावं, म्हणून एक आगंतुक गोष्ट. कंपनीचं नाव तू लिहिलं नाहीस, पण कोलंबस आणि चिंचवड एका पत्रात आल्यावर मनात येतं ते कमिन्स. कोलंबसमध्ये 1919 साली निघालेली ही इंजिनांची कंपनी 1962 साली किर्लोस्करांबरोबर पुण्यात आली. कर्वेनगरचं मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज त्याच नावाचं. त्यामुळे तुझ्या गावात पुण्याची मंडळी भेटणारच, गणपतीही एकत्र बसत असेल. जा, भेट, मन मोकळं कर. पण तिथे एक सापळा आहे: शनिवार-रविवार मराठीत, सोमवार ते शुक्रवार घरात, अशी तीन वर्षं सहज निघून जातात. ज्या कमिन्सने गावातल्या इमारतींसाठी नामवंत वास्तुकारांची फी भरली, तिचे प्रमुख अर्विन मिलर स्वतः इतके चर्चचे होते, की अमेरिकेतल्या चर्चांच्या राष्ट्रीय परिषदेचे ते पाद्री नसलेले पहिले अध्यक्ष झाले. त्या गावात कारखाना आणि चर्च ही दोन निराळी जगं कधी नव्हतीच. फिफ्थ स्ट्रीटवर 1942 चं, वास्तुकार सारिनेनचं चर्च आणि त्याच्या समोर 1969 ची, आय. एम. पेई यांनी बांधलेली सार्वजनिक लायब्ररी, अशी दोन्ही उभी आहेत. मध्ये शिल्पकार हेन्री मूरची ती प्रचंड हिरवट कमान.

त्या लायब्ररीत जा. कार्ड फुकट असतं. इंग्रजी संभाषणाचा गट तिथे आहे का ते विचार, अमेरिकेतल्या कित्येक लायब्रऱ्या तो चालवतात. नसला तर लहान मुलांच्या गोष्टींचा तास असतो त्याला मुलीबरोबर बस. मोठ्याने, सावकाश, चित्रं दाखवत वाचलेलं इंग्रजी कानावर पडायला याहून बरी जागा नाही, आणि तुझ्याकडे कुणी बघत नसतं, सगळे मुलांकडे बघतात. दुसरी जागा हाताशी असली की चर्चमधलं 'नाही'ही सोपं होतं.

जाता जाता आणखी एक. कंपनीने बदलीवर पाठवलं असेल तर नवऱ्याचा व्हिसा एल-1 आणि तुझा एल-2 असण्याची शक्यता मोठी. तसं असेल तर आपला आय-94, म्हणजे देशात आल्याची सरकारी नोंद, काढून बघ. त्यावर 'एल-2एस' लिहिलेलं असलं तर तुला वेगळा परवाना न काढता नोकरी करता येते. एच-4 वाल्या, म्हणजे नवरा एच-1बी व्हिसावर असलेल्या, मैत्रिणींचं ऐकून 'आपल्याला काम करता येत नाही' असं धरून बसलेल्या दोघी-तिघी माझ्या माहितीत आहेत. कंपनीच्या वकिलाकडून खात्री करून घे. काउंटरवरची नऊ वर्षं अशी घडी घालून ठेवायची गोष्ट नाही.

मुलीला उत्तर दिलंस का? नसशील तर दे. "येतं, बोलायला शिकतेय. तुला मराठी वाचता येतं का? नाही ना? चल, दोघी शिकू." आणि घरात तिच्याशी मराठीतच बोल. तिच्या इंग्रजीची काळजी शाळा घेईल.

राहिल्या सासूबाई. त्यांना जे दिसलं ते तू सांगायच्या आधी दिसलं, सगळं बिघडलंय ते तिथे. नवऱ्याला मध्ये घालू नकोस. तूच फोन कर आणि क्रमाने सांग: आजी कोण, टेबलावर कोण कोण असतं, काय वाचतात, मी कशाला थांबणार नाही. मिरजेच्या आहेत म्हणालीस. मग मिशन हॉस्पिटल त्यांना ठाऊक नसणं शक्यच नाही. 1890 च्या दशकात डॉक्टर वानलेस यांनी उभं केलेलं ते. सांगली-कोल्हापूरकडची कितीतरी घरं तिथून बरी होऊन आली आणि घरी येऊन देवापुढे दिवा लावला. त्यांना विचार, तुमच्या घरातलं कुणी होतं का तिथे कधी? पण बोलण्यात हरवायला म्हणून विचारू नकोस, खरंच ऐकायला म्हणून विचार. गोष्ट निघेल, आणि त्या गोष्टीत एखादी नर्सही असेल.

बायबल परत देऊ नकोस, आजींच्या मनाला लागेल. ठेव आपल्या पुस्तकांत, शेल्फवरच, लपवून कपाटात नको. लपवलेलं सापडलं की त्याला भलताच अर्थ येतो. मराठी बायबल काही परकं पुस्तकही नाही. रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं मूळ हिब्रू-ग्रीकवरून त्याचं सोपं मराठी करण्यात घालवली, आणि आपल्याच कितीतरी मराठी घरांत ते रोज वाचलं जातं.

फोन गुरुवारी वर्गातून आल्यावर कर. तुझ्याकडे दुपारचे बारा म्हणजे चिंचवडला रात्रीचे साडेनऊ, नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की साडेदहा. मालिका चालू असली तर संपेपर्यंत थांब.

— ताई